‘एकटीच का जातेस?’

यंदा उन्हाळ्यात आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीच्या नातीला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. पेढे आले. पेढा तोंडात असतानाच आमच्यातल्या एकीने विचारले, “एकटीच जाणार?” दुसरी म्हणाली, “एवढ्या लांब कशाला? पुण्याला नाही का होत ते शिक्षण? तिथे मावशी तरी आहे.” तिसरीने आवाज खाली आणून विचारले, “आणि काही झालं म्हणजे?” आजीबाईंनी डब्याचे झाकण लावले आणि त्या गप्प बसल्या. पुढच्या भिशीला कळले की घरात दोन तट पडले आहेत. आई आणि मुलगी एकीकडे, वडील आणि आत्या दुसरीकडे, आणि मधे आमची मैत्रीण. आत्याबाई जे बोलत होत्या ते शब्द अन् शब्द आमचेच होते.

आम्हाला चुटपुट लागली. आम्ही विचारले होते ते काळजीपोटीच. पण त्या काळजीने एका मुलीचा रस्ता अडत असेल, तर ती काळजी एकदा तपासून पाहायला हवी असे वाटले. मग आषाढ-श्रावणात भिशीच्या दुपारी आम्ही दहा-बारा जणींनी वाचायला घेतले. कोणी वाचनालयातून पुस्तक आणले, कोणी सासऱ्यांच्या कपाटातून. आपल्या मराठी बायका एकट्याने परदेशी गेल्या त्या कशा गेल्या, तिथे त्यांच्यावर काय गुदरले, आणि घरचे लोक ज्याला भीत होते तेच घडले की दुसरे काही, एवढेच शोधायचे ठरवले. स्मरणिकेच्या वाचकांपुढे ते मांडत आहोत.

सहा प्रश्न

सुरुवात अर्थातच आनंदीबाई जोशी यांच्यापासून झाली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा ध्यास, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. आम्ही थांबलो ते एका तारखेपाशी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. वय अठरालाही महिना कमी. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, बदली झाली म्हणून बंगालात आलेले. लोक घरी-दारी जे विचारीत होते ते सहा प्रश्न आनंदीबाईंनी स्वतःच सभेपुढे ठेवले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकट्याच का जाता? परत आल्यावर वाळीत टाकले तर? संकट आले तर? आणि आजवर आपल्यातल्या कोणा बाईने केले नाही ते तुम्ही का करायचे?

हे वाचून आम्ही एकमेकींकडे पाहिले. सहांपैकी चार प्रश्न आम्ही त्या दिवशी पेढे खाता खाता विचारले होते.

तिसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर अगदी साधे आहे. आधी नवराबायको दोघांनीच जायचा बेत होता. पण तेवढा पैसा नव्हता, आणि गोपाळरावांवर म्हातारे आईवडील व धाकटी भावंडे यांचा भार होता. दोघे जाऊ शकत नव्हते, म्हणून जिला शिकायचे होते ती निघाली. त्यात बंडाची भाषा नाही, आहे तो घरखर्चाचा हिशेब. आजही एकट्याने जाणाऱ्या बहुतेक मुलींचे कारण हेच असते. सोबतीचा खर्च परवडत नाही, आणि ज्याला सोबत पाठवावे त्याला इथली कामे असतात.

त्याच भाषणात त्यांनी मुंबईतला अनुभव सांगितला आहे. शाळेला निघाल्या की रस्त्यातली माणसे भोवती जमत, हसत. ओसरीवर बसलेले भले लोक नको ते बोलत, खडे मारत. दुकानदार त्यांना पाहून थुंकत. हे सारे आपल्याच मुलखात, भर दिवसा. परदेशातल्या अनोळखी शहराची धास्ती घेणाऱ्या आम्हाला इथे पहिला ठसका लागला. स्वतःचे शहर सुरक्षित आणि परके शहर धोक्याचे असे आपण गृहीत धरतो, पण ते कोणी तपासून पाहिले आहे?

बंदरावर कोण होते

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या. ओळखीतून जुळलेल्या मिशनरी बायकांची सोबत होती, पण आपले म्हणावे असे कोणी नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि तिथे त्यांना घ्यायला थिओडोसिया कार्पेंटर ही बाई आली होती.

ही ओळख मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले होते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या असता तो अंक चाळला, ते पत्र वाचले आणि १८८० मध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. म्हणजे जहाजात पाऊल ठेवण्याआधी तीन वर्षे पत्रे जात-येत होती. सणवार, जेवणखाण, सुखदुःख सारे एकमेकींना कळवून झाले होते. न्यूयॉर्क अनोळखी होते, पण तिथले एक घर अनोळखी नव्हते.

पहिला उन्हाळा रोझेलच्या त्या घरात गेला. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश झाला. तिथल्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची सोय केली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

आता दुसरी बाजू. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या खोलीतली शेकोटी नीट बांधलेली नव्हती. पेटवली तर धूर, न पेटवली तर थंडी. शाकाहार सोडायचा नव्हता, तेव्हा अन्नाची आबाळ. नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहत, त्या हिमात ते सोसवेना, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. तब्येत ढासळत गेली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे ती विसावली आहे.

हे वाचून आमच्यातली एक म्हणाली, “बघा, भीती खरीच होती ना!” त्या दुपारी बराच वेळ वाद झाला. शेवटी आमचे एकमत झाले ते असे. भीती खरी होती, पण ती चुकीच्या जागी ठेवलेली होती. लोक घाबरत होते धर्म बुडेल याला, जात जाईल याला, शील राहील का याला. त्या यांतले काहीही न गमावता परत आल्या. गेली ती तब्येत. श्रीरामपूरला लोकांनी संकटाचे विचारले, पण हिवाळ्यात अंगावर काय घालशील, रोज काय जेवशील, खोली कशी असेल, आजारी पडलीस तर कळवशील कोणाला, हे प्रश्न त्या सहांत नव्हते. अख्खा समाज नको त्या दाराशी पहारा देत होता आणि थंडी दुसऱ्या दाराने आत शिरली.

सोबत म्हणजे काय

‘कोणीतरी सोबत असावे’ हा आम्हा बायकांचा ठरलेला तोडगा. त्याचाही अनुभव इतिहासात सापडला. त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. कडेवर मनोरमा ही दोन वर्षांची मुलगी आणि सोबतीला आनंदीबाई भगत ही मैत्रीण. वाँटेज येथे राहत असताना त्या मैत्रिणीने आत्महत्या केली. हे लिहिताना हात जड होतो. पण ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे, कारण शेजारी माणूस आहे म्हणून मन सुखरूप आहे असे होत नाही, हे त्यातून कळते. परक्या मुलखातले एकटेपण दोघी असूनही असू शकते.

याउलट रखमाबाईंचे पाहा. लहानपणी झालेले लग्न त्यांनी मानले नाही. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने निकाल दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. मुंबईत डॉ. एडिथ पीची यांचा पाठिंबा होता आणि लंडनमध्ये मॅक्लारेन दांपत्याचे घर उघडे होते. १८९४ मध्ये त्या पात्र डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि नव्वदी ओलांडून १९५५ मध्ये गेल्या. रक्ताचे कोणी सोबत नव्हते. होता तो नीट पाहून ठरवलेला आसरा.

आणि पार्वतीबाई आठवले! देवरुखकडच्या, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवणाऱ्या. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायचे म्हणून त्या अमेरिकेला गेल्या. भाषा येत नव्हती, गाठीशी पैसा बेताचा. लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या आणि सुमारे दोन वर्षांनी परतल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. आमच्यातल्या बहुतेकींनी मुलाकडे अमेरिकेला जाताना विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय मागून घेतलेली. पार्वतीबाईंपुढे आम्ही हात जोडले.

सुधारकाच्या घरीही हा प्रश्न सुटलेला नव्हता. कर्व्यांची सून इरावती १९२८ मध्ये बर्लिनला पीएच.डी.साठी निघाली, तेव्हा तिला पाठवायला पती दिनकरराव राजी होते, पण खुद्द धोंडो केशव कर्व्यांचा विरोध होता. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, मुलींसाठी विद्यापीठ उभारले, त्यांचाही जीव घरच्या मुलीपाशी आला की अडला. शेवटी जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर इरावतीबाई गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन आल्या. म्हणून आमच्या मैत्रिणीच्या मुलाला आम्ही मागासलेला म्हणणार नाही. तो बाप आहे, एवढेच.

आपल्या इंदूरची कमला

वाचता वाचता गाडी आपल्याच गावात येऊन थांबली. दुर्गा भागवत यांचा जन्म १९१० चा, आपल्या इंदूरचा, हे अनेकांना माहीत असते. त्यांची धाकटी बहीण कमला हीदेखील इंदूरचीच, हे आमच्यातल्या अर्ध्या जणींना ठाऊक नव्हते. त्याच पुढे डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन पाठपुरावा करत राहिल्या, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही. मुलगी नुसती हजर असली की वातावरण बिघडते, असा त्याचा अर्थ! हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. त्यांचे काम पाहिल्यावर मात्र संस्थेची दारे इतर मुलींना उघडली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. पंचविशीतली, लग्न न झालेली मुलगी, शहर अनोळखी, हवा अनोळखी. तिथे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिले. श्वसनाच्या क्रियेत ते महत्त्वाचे असते. त्यावरचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परदेश म्हणजे स्वर्ग होता असे मुळीच नाही. केंब्रिजने बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी द्यायला १९४८ साल उजाडले. पण अटींचा कागद कमलाबाईंना मिळाला तो आपल्याच देशात. मुंबईत आनंदीबाईंना खडे, बंगळूरला कमलाबाईंना अटी. ‘इथे राहिली म्हणजे सुखरूप’ या आपल्या हिशेबात कुठेतरी मोठी चूक आहे.

परत आल्यावर कमलाबाईंनी दिल्लीत, कुन्नूरला आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केले. नीरा या पेयातल्या पोषणाचा त्यांचा अभ्यास गरिबांच्या, आदिवासी मुलांच्या आहारासाठी होता. कोणाच्या तरी घरी ‘एकटीच कशाला?’ या प्रश्नापाशी विषय संपला असता, तर हे काम कोणी केले असते?

काशीला पाठवताना विचारले का?

आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजींनी मग एक जुनी गोष्ट काढली. आपल्या मराठी घरांतल्या कितीतरी विधवा काशीवासाला जात. काशी काही जवळ नव्हती, भाषा वेगळी, शहर अनोळखी. उरलेला जन्म परक्या गावी काढायचा. ‘एकटी कशी राहील?’ म्हणून किती घरांनी त्यांना अडवले? नऊ-दहा वर्षांच्या मुलीला लग्न करून अनोळखी घरात धाडतानाही कोणाला धोका दिसला नाही. आम्हीसुद्धा सुना म्हणूनच या गावी आलो. खंडव्याला गाडी बदलून मीटरगेजने घाट चढताना राजवाडा कुठे आणि सियागंज कुठे हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्याला सगळ्यांनी पाठवणी म्हटले आणि अक्षता टाकल्या. बाई दुसऱ्यांच्या सोयीने दूर गेली तर ती रीत, आणि स्वतःच्या शिक्षणासाठी गेली तर तो धोका, असा हा भेद आहे. तो मनाला लागला.

पण काशीच्या गोष्टीला दुसरे अंगही आहे. तिथे गेलेल्या माणसाला उतरायला जागा असे. आपल्या देवी अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी देशभर तीर्थांच्या ठिकाणी घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे यांची सोय केली, याचा विचार आम्ही या अंगाने कधी केला नव्हता. महेश्वरला बसून त्या बाईने ओळखले होते, की प्रवाशाला उपदेशाहून अधिक गरज असते ती छपराची, पाण्याची आणि दोन घासांची. कोणी ‘जाऊ का?’ विचारायच्या आतच त्यांनी ‘उतरशील कुठे?’ याचे उत्तर बांधून ठेवले.

तर मग जावे का?

आमच्या गटाचे उत्तर आता ठरले आहे. जावे. पण आमचे प्रश्न आम्ही बदलले आहेत. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर कोणाचे, आणि ते भाड्याचे असेल तर पैसे देण्याआधी खात्री करून घेतली का? परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या हाती, कोणाला न विचारता काढता येतील असे आहेत का? आजारपणाचा विमा आहे का? जर्मनीत तर विद्यार्थ्यांना तो सक्तीचाच असतो. तिकडच्या थंडीचा कोट घेतला का? अडचणीला ११२ हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो, हे तिला माहीत आहे का? शहराचा कोणता भाग रात्री टाळायचा, हे तिथे राहणाऱ्या मुलींना विचारले का? यांतल्या एखाद्याचे उत्तर नाही असेल, तर जाणे थोडे लांबवावे आणि ते उत्तर मिळवावे.

आणखी एक, सर्वांत महत्त्वाचे. गोपाळरावांनी आनंदीबाईंना जिद्दीने शिकवले, पाठवले. पण त्यांची काही पत्रे टोचून बोलणारी असत, आणि त्यांची उत्तरे लिहिताना आनंदीबाईंना झालेले दुःख पत्रांत दिसते. दूर गेलेल्या मुलीला घरचा धाक वाटू लागला की ती अडचण लपवते. ‘तरी आम्ही सांगत होतो’ हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून ती ताप लपवते, फसवणूक लपवते, रडणे लपवते. एकट्या मुलीला खरा धोका तिथून सुरू होतो. म्हणून निघतानाच तिला सांगावे, की जमले नाही तर परत ये, इथे कोणी एक शब्द विचारणार नाही. मग पाहा, ती राहीलही.

आम्ही हे सारे मैत्रिणीच्या घरी जाऊन सांगितले. मुलीच्या वडिलांनी आमचे प्रश्न कागदावर उतरवून घेतले आणि मुलीबरोबर बसून एकेकाची उत्तरे शोधली. आत्याबाईंनी शेवटपर्यंत होकार दिला नाही, पण लोणच्याची बरणी स्वतः भरली. या महिन्याची भिशी सर्वानुमते आजींना दिली आणि त्यातून नातीचा कोट आला. ही स्मरणिका तुमच्या हाती पडेल तेव्हा तिची सामानाची बांधाबांध चालू असेल.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. लंडनच्या मराठी मंडळींनी १९३२ मध्येच आपले महाराष्ट्र मंडळ काढले, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभारले. इंदूरच्या मराठी घरांतली मुलेबाळे आज कुठे कुठे पोहोचली आहेत, याची एक वही आपण का ठेवू नये? कोणत्या शहरात कोणाचे घर आहे, रात्री-अपरात्री फोन केला तर कोण उचलेल, स्टेशनवर कोण घ्यायला येईल, एवढेच त्यात असावे. उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपात ही वही ठेवलेली असेल. ज्यांची हरकत नसेल त्यांनी मुलांना विचारून त्यात नोंद करावी. अहिल्याबाईंच्या गावाला हे जमायला हरकत नाही.